डाव्या हाताचे ओरखडे

सत्त्याण्णव सालच्या मार्च महिन्यात प्रभावतीच्या पोटात दोन गुपितं होती. एक लेकीचं, एक नवऱ्याचं. गंमत अशी की दोन्ही गुपितं एकाच गोष्टीची होती, आणि ज्या दोघांनी ती एकमेकांपासून लपवली होती ते दोघे रोज संध्याकाळी मांडीला मांडी लावून जेवायला बसत होते.

डिंडोलीत रेल्वे लाइनच्या अलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. नवरा बाजीराव उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला. सकाळी सात ते संध्याकाळी सात, बावीस वर्षं झाली. पण डिंडोलीत, पांडेसऱ्यात, पार कोसाडपर्यंत त्याला लोक ओळखत ते लूमवाला म्हणून नाही. ‘पेटीवाले बाजीराव’ कुठे राहतात, असं विचारत माणसं यायची. खात्यातून आला की हातपाय धुऊन तो खिडकीखाली पाटावर बसायचा आणि हार्मोनियम बनवायचा. ही विद्या त्याच्या वडिलांची. उखाबाबा भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. साहेबाच्या बंगल्यातली मोडकी पेटी दुरुस्त करता करता ते पेटी बनवायला शिकले आणि मग मरेपर्यंत बनवत राहिले.

प्रभावती लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांनी तिला पहिलं काम सांगितलं ते भात्याला कातडं लावायचं. पुठ्ठ्याच्या घड्या, त्यावर कापड, कोपऱ्यांना बकऱ्याचं पातळ कातडं, आणि सगळं सरसाने असं चिकटवायचं की वारा मुंगीएवढ्या वाटेनेही बाहेर जाता कामा नये. तेव्हापासून घरातला प्रत्येक भाता तिच्याच हातचा. तिने बनवलेला भाता कधी फुसफुसला नाही, आणि हे ती स्वतःच चार लोकांत सांगायची.

लाकूड बाजीरावाचं, भाता प्रभावतीचा. पण पेटीचा खरा जीव सुरांत. आत ज्या पितळी पट्ट्या वाजतात त्यांना या धंद्यात सूरच म्हणतात. सुराच्या जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा आणि कानशीने जीभ हलकेच खरवडायची. टोकाशी खरवडली की सूर चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. हे काम बाजीराव कुणाला करू देत नसे. फळीवर उखाबाबांची जुनी पेटी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवलेली होती. नवी पेटी झाली की ती खाली काढायची, एकेक पट्टी दाबायची आणि नवा सूर जुन्याशी जुळवायचा. ती पेटी म्हणजे घरातला कायदा.

आता लेकीचं गुपित.

वृषाली धाकटी. मागच्या वर्षी तिची बारावीची परीक्षा संपली आणि दुपार रिकामी झाली. एके दिवशी प्रभावती पाणी भरून आत आली तर पोरीने नव्या पेटीचं पोट उघडलेलं, मांडीवर सूर बसवलेली लाकडी पट्टी, डाव्या हातात बापाची कानस. वृषाली जन्माची डावखुरी.

“अगं, काय करतेस! बाबा पाहतील तर हात मोडतील तुझा.”

“आई, तू फक्त ऐक,” वृषाली म्हणाली. तिने सुरांची पट्टी पेटीत परत बसवली आणि वरच्या सप्तकातल्या दोन पट्ट्या एकामागून एक दाबल्या. “काही वाटलं?”

प्रभावतीला काही वाटलं नाही. वृषालीने मधला आणि वरचा सा एकदम दाबले. आवाज गदगदल्यासारखा हलू लागला, पाण्यात पडलेल्या सावलीसारखा. तो मात्र प्रभावतीलाही कळला.

“वरचा पडलाय. हा एकच नाही, वरचे सहा-सात तसेच आहेत. मागच्या पेटीतही होते. आई, बाबांना वरचे सूर ऐकू येत नाहीत.”

प्रभावती कळशी हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला काही नवं कळलं नव्हतं. फक्त कुणीतरी ते मोठ्याने बोललं होतं. खात्यात शंभर लूम एकाच वेळी खडखडतात. तिथे बावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या कानांचं दुसरं काय होणार?

“मी नीट करून ठेवते,” वृषाली म्हणाली. “बाबांना सांगू नकोस. त्यांना वाईट वाटेल.”

आणि असं वर्ष गेलं. बाप संध्याकाळी पेटी जुळवायचा, लेक दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलेजातून येऊन वरचे सूर सरळ करायची. त्या वर्षात घरातून पाच पेट्या गेल्या.

भिकन आला तो फेब्रुवारीत. भिकनची पांडेसऱ्यात गायन पार्टी होती. दिवसा प्रोसेस हाउसमध्ये कापड रंगवायच्या टाक्यांवर काम करायचा, आणि जयंती आली, कुणाचं लग्न असलं, घरभरणी असली की भीमगीतं गायचा. गळा असा की माइक बिघडला तरी चालायचं.

“जयभीम भाऊ, जयभीम वहिनी! चहा टाका, मी गुळाचा घेतो.” दारातून आत येईपर्यंत त्याचं एवढं बोलून झालेलं. काखेतली पेटी त्याने खाली ठेवली. “गेल्या साली नेली ना, तीच. उंदराने भाता कुरतडला. तेवढा करून द्या. आणि चौदा एप्रिलला नवी पाहिजे, दोन लाइनींची. ह्या खेपेला मोठ्या मैदानात कार्यक्रम आहे.”

“देतो,” बाजीराव म्हणाला.

“आणि एक सांगतो, राग मानू नका.” भिकन पुढे सरकला. बाजीरावाशी बोलताना सगळेच हल्ली पुढे सरकायचे. “तुमच्या आधीच्या पेट्या वरच्या पट्टीत जरा चावायच्या. गायला बसलं की कानाला बारीक चिमटा. पण ही! भाऊ, तुमचा हात आता बसला. वयाने गोडी आली.”

स्वयंपाकघराच्या दारात प्रभावतीच्या हातातली गाळणी थांबली. आत वृषाली भाजी निवडत होती, तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. बाजीराव हसला, पण अर्धाच. तो काही दूधखुळा नव्हता. कान उतरत चाललेत आणि हात चढत चाललाय, हे गणित त्याला बसेना.

पुढच्या रविवारी पोरं बाहेर गेलेली. थोरला धम्मरत्न आयटीआयच्या मित्राकडे, वृषाली मैत्रिणीकडे. बाजीरावाने भिकनची पेटी उघडली. भाता काढून प्रभावतीकडे दिला आणि सुरांची पट्टी सहज खिडकीच्या उजेडात धरली. मग ती फिरवून पुन्हा धरली.

“प्रभा, इकडे ये.”

ती सरसाचे हात पुसत गेली.

“हे बघ. हे माझे ओरखडे. सगळे असे झुकतात. आणि हे वरचे?”

“मला काय कळतंय त्यातलं,” प्रभावती म्हणाली, आणि आपला आवाज उगाच चढलाय हे तिचं तिलाच जाणवलं.

“हे दुसऱ्या अंगाला झुकतात. डाव्या हाताचे आहेत.”

घरात डावखुरं माणूस एकच होतं. प्रभावती परत हात पुसू लागली. आता वीज पडणार असं तिला वाटलं. धम्मरत्न दहा वर्षांचा असताना त्याने सुराला नुसतं बोट लावलं तर बाजीरावाने त्याला पेटीच्या खोलीतून आठवडाभर हद्दपार केलं होतं.

“कधीपासून?”

“वर्ष झालं.”

“म्हणजे भिकन ज्या हाताची तारीफ करत होता...”

“हो.”

बाजीरावाने पट्टी मांडीवर ठेवली. “मला वरचे सूर ऐकू येत नाहीत, प्रभा.”

“मला माहीत आहे.”

“तुला कसं माहीत?”

“कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम तुमच्याकडे होतं. दोन वर्षं झाली, तुम्ही एकही मोजली नाही. डाळ तीनदा करपली.”

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. प्रभावती घाबरून जवळ सरकली, तर तो हसत होता. डोळ्यांत पाणी होतं, नाही असं नाही, पण हसत होता.

“वर्षभर! माझ्या नाकाखाली! आणि कुणी शिकवलं तिला?”

“तुम्हीच. ती लहानपणापासून तुमच्या पाठीमागेच बसून अभ्यास करते ना.”

बाजीरावाने पट्टी पुन्हा उजेडात धरली. या वेळी तो गिऱ्हाइकासारखा बघत होता, खोट काढायला. “खोल खरवडते,” तो पुटपुटला. “हात जड आहे. पण सूर...” त्याने बोटाने एक जीभ छेडली, कानाशी नेली, आणि मग आठवण झाल्यासारखा हात खाली घेतला. “सूर भिकनला गोड लागला म्हणजे लागला. प्रभा, तिला सांगू नकोस.”

“काय सांगू नको?”

“मला कळलंय ते. मला बघायचंय तिचा कान किती आहे. समोर बसवली तर घाबरेल, हात आखडेल.”

झालं. लेकीचं गुपित पोटात होतंच, त्यावर नवऱ्याचं येऊन बसलं.

भिकनची नवी पेटी मार्चच्या मधल्या आठवड्यात उभी राहिली. सागाचं अंग, सुरांच्या दोन लाइनी, मिळून चौऱ्याहत्तर सूर. बाजीरावाने संध्याकाळी बसून सगळे जुळवले आणि मग प्रभावतीला डोळा मारून त्यातले तीन मुद्दाम बिघडवले. दोन मधले आणि एक अगदी खालचा, खर्जाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वृषालीने पेटी उघडली आणि दहा मिनिटांत ती स्वयंपाकघरात आली. तोंड उतरलेलं.

“आई, बाबांचं काहीतरी बिनसलंय. खर्जातला ग पडलाय. खर्जात ते कधीच चुकत नाहीत.”

“थकले असतील.”

“थकून असं होत नाही. कान खालपर्यंत चाललेत त्यांचे.” तिने ओढणीने डोळे पुसले. “सिव्हिलमध्ये दाखवू या ना. मी विचारून आलेय, मंगळवारी कानाचा डॉक्टर बसतो.”

प्रभावतीच्या जिभेवर सगळं आलं होतं. पण शब्द दिला होता. तिने पोरीला जवळ घेतलं आणि म्हणाली, “आधी ते तीन सूर नीट कर.”

“तीन? मी तीन कुठे म्हणाले?”

“तूच म्हणालीस की,” प्रभावती म्हणाली आणि भराभरा कणीक मळायला लागली.

संध्याकाळी बाजीराव चप्पल काढतानाच खुणेने विचारत होता. प्रभावतीने तीन बोटं दाखवली. त्याने आनंदाने भिंतीवर थाप मारली. “ऊन लागलं वाटतं बाबांना,” वृषाली आईच्या कानात म्हणाली.

दुसऱ्या खेपेला त्याने एकच सूर उतरवला, तोही केसभर. पोरीने काढला. तिसऱ्या खेपेला त्याने दोन शेजारचे सूर आपापसांत बदलून बसवले. तेही तिने काढले, आणि संध्याकाळभर बापाकडे असं बघत राहिली की जणू तो उद्या तिला ओळखणार नाही. त्याला वाढताना ती मोठमोठ्याने बोलू लागली. “बाबा, ही भाजी. मेथीची.” बाजीराव मान डोलवायचा आणि ताटावरून प्रभावतीकडे असा विजयी बघायचा की तिला पोळी फेकून मारावीशी वाटे. धम्मरत्नने एकदा विचारलं, “आपल्या घरात सगळे असे का वागताहेत?” आईने त्याच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

त्याच दिवसांत वृषाली सहज म्हणून गेली, “आई, आपली सगळीच पेटी जरा खाली बोलते. कॉलेजातल्या पेटीशी आपला सा लागत नाही.” पण तेव्हा प्रभावतीच्या डोक्यात आधीच इतकं होतं की तिने ते कानाआड केलं.

एप्रिल लागताच भिकन पेटी घेऊन गेला, खूश होऊन. आणि नऊ तारखेला, सुट्टीच्या दिवशी, दुपारी चारला परत आला. एका काखेत तीच पेटी, दुसऱ्या काखेत काळं लांबट काहीतरी. जयभीम झाला, पण चहाचं नाव नाही.

“भाऊ, गडबड झाली. पार्टीतल्या पोरांनी हा विजेवरचा कॅसिओ आणलाय. एवढ्या मोठ्या मैदानात तोही वाजवायचा म्हणतात. आणि पेटी त्याच्याशी लागत नाही.”

“मग कॅसिओ लावून घ्या.”

“ह्यात सूर वरखाली करायची सोयच नाही. बारका आहे.” भिकनने कॅसिओचा सा दाबला, पेटीचा सा दाबला. दोन्ही आवाज एकमेकांशी भांडायला लागले. शेजारच्या उषाबाई खिडकीतून डोकावल्या.

“कॅसिओ खोटा आहे,” बाजीराव ठामपणे म्हणाला. “माझी पेटी बापाच्या पेटीशी लावलीय. पन्नास वर्षं तिच्याशी लावतोय आम्ही.”

“खोटा कसा असेल भाऊ? दुकानातला दुसराही असाच वाजला. पाच दिवस राहिले. पोरं म्हणतात, पेटी राहू दे, नुसता कॅसिओ घेऊ.” भिकन खाली बघू लागला. “मला पेटीशिवाय गाता येत नाही.”

बाजीरावाने फळीवरून उखाबाबांची पेटी काढली. लुगडं सोडलं. सा दाबला. मग कॅसिओचा. मग पुन्हा सा. त्याचं कपाळ आकसत गेलं. मधल्या सप्तकातला फरक त्यालाही ऐकू येत होता; पण कोण चुकतंय ते ठरवायचं कुणी? कोपऱ्यात वृषाली ओढणीचं टोक पिळत उभी होती. प्रभावतीने तिच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि तिच्या पोटातली दोन्ही गुपितं एकदमच बाहेर पडली.

“पुरे झालं आता! एक जण रोज चोरून बिघडवतो, दुसरी रोज चोरून नीट करते, आणि मी दोघांची चौकीदार! अहो, काय चुकलं ते पोरीला विचारा. तिला माहीत आहे. वृषा, बोल. बाबांना सगळं ठाऊक आहे, महिना झाला.”

वृषालीचं तोंड उघडं राहिलं. “बिघडवतो? म्हणजे खर्जाचा ग...”

“मीच,” बाजीराव म्हणाला.

“आणि ते बदललेले सूर?”

“तेही मीच.”

“मी रडले होते बाबा! मी सिव्हिलमध्ये केसपेपर काढून ठेवलाय तुमचा!”

भिकन या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होता. “हे काय चाललंय, मला कुणी सांगेल का?”

तेव्हा बाजीराव त्याच्याकडे वळला, आणि भान विसरून त्याच्या तोंडून घरची अहिराणी निघाली. “भिकन, तू ज्या हातनी तारीफ करी ना, तो हात मन्हा नही. हाई मन्ही आंडेर शे, तिना शे!” मग सावरून म्हणाला, “माझे कान लूमने खाल्ले. वर्षभर वरचे सूर ही माझी लेकच लावतेय. आता बोल पोरी. कोण खोटं? कॅसिओ की आजोबा?”

वृषालीने ओढणीचं टोक सोडलं आणि ती आजोबांच्या पेटीपाशी बसली.

“आजोबा खोटे नाहीत,” वृषाली हळूच म्हणाली. “त्यांची पेटी उतरलीय. वाजून वाजून सूर थकतात ना. आणि एकटी वाजते तोवर कळत नाही, सगळेच सूर मिळून थोडे थोडे उतरलेत. आपण नवी पेटी तिच्याशी लावतो, म्हणून नवीही तेवढीच खाली. कॉलेजातली पेटी कॅसिओसारखीच बोलते.”

बाजीराव बराच वेळ बापाच्या पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरवत बसला. दाबत नव्हता, नुसतं फिरवत होता. प्रभावतीला वाटलं, आता हा माणूस एक तर भिकनला हाकलेल नाहीतर स्वतः उठून बाहेर जाईल.

“चौऱ्याहत्तर सूर आहेत,” शेवटी तो म्हणाला. “सगळे चढवावे लागतील. पाच दिवसांत होईल तुझ्याने?”

“एकटीने नाही होणार.”

“एकटीने कोण म्हणतंय? पाट आण तुझा.”

पुढचे दिवस प्रभावती कधी विसरली नाही. बाजीरावाने खात्यात दोन दिवस बदली माणूस दिला, बावीस वर्षांत पहिल्यांदा. धम्मरत्नला कॅसिओपाशी बसवला. त्याला सूर कशाशी खातात हे माहीत नव्हतं, पण सांगितलेली पट्टी सांगेपर्यंत दाबून धरायला सूर कळावा लागत नाही. बाजीराव एकेक सूर पट्टीवरून काढायचा, पुसायचा, जिभेखाली पत्रा सरकवून पोरीकडे द्यायचा. ती ऐकायची, खरवडायची, पुन्हा ऐकायची.

पहिल्या दिवशी तेरावा सूर तिच्या हातात तुटला. जीभ टचकन मोडून मांडीवर पडली. वृषाली पांढरीफटक झाली.

“हे मी महिन्याभरापूर्वीच पाहिलं होतं,” बाजीराव म्हणाला. आवाजात राग नव्हता. “खोल जातेस. आणि घाईत हात आडवा पडतो. आडवा ओरखडा पडला की पितळ तिथेच मोडतं. हे बघ.” त्याने तिचा डावा हात आपल्या हातात घेतला, कानस धरायची कशी ते दाखवलं. लांबीच्या दिशेने, पिसासारखी. “दाब मनगटाचा नको, नुसत्या बोटाचा. खरवड, आणि थांब. पितळ गरम होतं. गरम सूर खोटा बोलतो. गार होऊ दे, मग ऐक.”

“हे तुम्ही कधी सांगितलंच नाही.”

“तू विचारलंस कधी?”

दोघेही हसले. मग त्याने डब्यातून नवा सूर काढून दिला आणि ती दमादमाने कामाला लागली. संध्याकाळपर्यंत तिचा हात इतका हलका झाला की पितळेचा नुसता भुगा पडायचा, पिठीसारखा. बाजीरावाला ऐकू येत नव्हतं, पण तो पेटीच्या लाकडावर तळवा ठेवून बसायचा. दोन सूर भांडत असले की लाकूड थरथरतं, म्हणायचा. एकदा वृषाली “लागला” म्हणाली आणि तो म्हणाला, “नाही लागला, बघ.” तिने पुन्हा ऐकलं. खरंच नव्हता लागला. त्या दिवशी तो दोन पोळ्या जास्त जेवला.

प्रभावतीने तेवढ्यात भात्याचे चारही कोपरे नव्याने मढवले. कुणी सांगितलं नव्हतं. पण सगळे एवढे राबत असताना आपला भाता जुनाच जावा, हे तिला पटेना.

तेरा तारखेला दुपारी भिकन आला, बसला, आणि कॅसिओशेजारी पेटी ठेवून सा लावला. दोन आवाज होते की एक, ते बाहेर कट्ट्यावर बसलेल्यांना सांगता आलं नसतं. भिकनने वरच्या सप्तकात एक तान घेतली, डोळे मिटून, आणि उघडले तेव्हा वृषालीकडे बघून दोन्ही हात जोडले. “बाई, मी वयाने गोडी आली म्हणालो होतो. तुझं वय किती?”

“एकोणीस.”

“घ्या!” भिकन म्हणाला. “आता चहा टाका वहिनी.”

चौदा एप्रिलला पांडेसऱ्याचं मैदान निळ्या पताकांनी भरून गेलं होतं. खात्यांना सुट्टी, प्रोसेस हाउसची धुराडी गप्प. खानदेशातून आलेली, विदर्भातून आलेली, रेल्वेतली, मिलमधली सगळी माणसं नवे कपडे घालून बसलेली. ऊन कलायला लागलं तसा भिकन उभा राहिला. पेटी एका पोराच्या पुढ्यात, कॅसिओ दुसऱ्याच्या. बाजीराव पुढच्या रांगेत, शेजारी प्रभावती, पलीकडे पोरं.

गाणं सुरू झालं. भिकनचा गळा वर चढला, आणि पेटी त्याच्याबरोबर चढत गेली. वरच्या सुराला माणसं टाळ्या वाजवायला लागली. बाजीराव ओठ, हात, माणसांचे चेहरे बघत होता. मग तो प्रभावतीकडे झुकला.

“वरचा कसा लागतोय?”

प्रभावतीला सूर सांगायची सवय नव्हती. ती विचारात पडली. “सरळ लागतोय,” ती त्याच्या कानाशी म्हणाली. “हलत नाही. आणि बारीक आहे, पण टोचत नाही.”

“चावत नाही?”

“अजिबात नाही.”

त्याने मान हलवली आणि मांडीवर ताल धरला. थोडा पुढेमागे होत होता, पण प्रभावतीने ते सांगितलं नाही.

गाणं संपल्यावर भिकनने माइकवरून नाव घेतलं. पेटी कुणी बनवली ते सांगितलं. लाकूड बाजीरावांचं, भाता प्रभावतीवहिनींचा, सूर वृषालीचे. वृषाली आईच्या पदराआड तोंड लपवायला गेली, तर बाजीरावाने तिला दंडाला धरून उभी केली. प्रभावतीही उठली. तिचं नाव आजवर कुठल्या माइकवरून कुणी घेतलं नव्हतं, आणि ते ऐकताना आपण उभं राहावं की बसावं हे तिला कळेना, म्हणून ती बराच वेळ उभीच राहिली.

पुढच्या मंगळवारी वृषाली बापाला खरंच सिव्हिलमध्ये घेऊन गेली. डॉक्टरने कान तपासले, गेलेलं परत येणार नाही म्हणाला, पण आहे ते राखायला खात्यात कानांत बोळे घालायला सांगितले. बाजीरावाने ते ऐकलं आणि घरी येऊन प्रभावतीकडे उरलेल्या कातड्याचे तुकडे मागितले, बोळे शिवायला.

मग खिडकीखालच्या जागेवरून वाद झाला. उजेड एकाच खिडकीतून येतो आणि सुराला उजेड लागतो. वृषाली म्हणाली, जागा माझी. बाजीराव म्हणाला, बावीस वर्षं मी इथे बसतोय. वृषाली म्हणाली, लाकूड तासायला खिडकी कशाला हवी? शेवटी बाजीरावाने पाट उचलला आणि दाराशी मांडला. त्यासाठी प्रभावतीचं सरसाचं भांडं हलवावं लागलं, आणि सरसाच्या भांड्याला जागा करायला धम्मरत्नची सायकल बाहेर गेली.

“आणि मी काय करू?” धम्मरत्न म्हणाला. “मला सूर येत नाही, मला भाता येत नाही. निदान सायकल तरी घरात राहू द्या.”

“तुझ्या आयटीआयमध्ये पितळ कापायचं मशीन आहे ना?” वृषालीने विचारलं. “सूर आपण बाहेरून आणतो. तू कापून बघ की.”

धम्मरत्नने सायकलचं हँडल सोडलं. “जाडी किती लागते?”

बाजीरावाला ते ऐकू आलं नाही. प्रभावतीने त्याला खांद्याला हात लावून सांगितलं, मोठ्याने, आणि मग बापासह दोन्ही पोरं दाराशी डब्यातले सूर पसरून मोजमाप करत बसले.